औषध हाती असूनही

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, ते दिवस आपल्यापैकी अनेकांच्या घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. टेट्रासायक्लिनसारखी साधी गोळी वेळेवर मिळाली तर हा आजार बरा होत होता. तरीही अवघ्या काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. कित्येक खाजगी दवाखाने बंद झाले. रुग्णालयात दाखल केलेले काही रुग्णसुद्धा उठून निघून गेले. अशा माणसांना भित्री म्हणणे सोपे आहे. पण यंत्रमाग बंद, मजुरी बंद, खोली भाड्याची, आणि पाणी विचारणारे माणूस दूर खानदेशात! परक्या शहरात एकटे पडण्याची भीती रोगाच्या भीतीपेक्षा मोठी ठरली असावी, असे आम्हांला वाटते.

प्लेग गेला, क्षयरोग मात्र आजही आहे, आणि त्यातही माणसाचे मन असेच आडवे येते.

क्षयाची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. ती साधारण सहा महिने घ्यावी लागतात. पहिल्या काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. रुग्णाला वाटते, झालो बरा! त्यातच गोळ्यांनी मळमळते. एका औषधामुळे लघवी लालसर होते. हे अपायकारक नाही, पण आधी कोणी सांगितले नसेल तर माणूस घाबरतो. केंद्रात जायचे म्हणजे पाळी बुडते. कारखान्यात कळले तर काम जाईल, घरात लग्नाची मुलगी असेल तर स्थळे परत जातील, अशी धास्ती. मग गोळ्या अर्ध्यावर सुटतात. शरीरात उरलेले जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात आणि पुढचा उपचार अधिक कठीण होतो.

केवळ गोळ्या देऊन भागत नाही, हे सरकारनेही ओळखले. १९९७ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात रुग्णाने कोणासमोर तरी गोळी घ्यावी अशी पद्धत ठेवली गेली. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये सुरू झाले; नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले.

पालकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. पुष्कळ घरांत क्षयरुग्णाचे ताट-वाटी वेगळी करतात. हा रोग खोकल्यातून हवेवाटे पसरतो, भांड्यांतून नाही. खिडकी उघडी ठेवणे आणि खोकताना तोंडावर रुमाल धरणे अधिक उपयोगाचे. योग्य औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच कमी होतो. वेगळे ताट मात्र सहा महिने तसेच राहते, आणि कोपऱ्यात एकटे जेवणारा माणूस गोळ्यांनाही कंटाळतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गातील कोणी या आजारातून उठून, डॉक्टरांच्या परवानगीने शाळेत आला, तर त्याची जागा त्याच बाकावर आहे. घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकीची तपासणीही सरकारी केंद्रात मोफत होते.