आवणीला येणारा मित्र

मित्रात काय असावं, असं विचारलं की शहरातली उत्तरं बहुधा ठरलेली असतात. प्रामाणिक असावा, त्याच्याजवळ मन मोकळं करता यावं, हसतमुख असावा. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलच्या पट्ट्यात हा प्रश्न जुलैत विचारावा. तिथं मैत्रीची पारख भाताच्या खाचरात होते आणि सगळ्यात आधी मोजला जातो तो वेळेवर येण्याचा गुण.

असं का, हे भातशेती समजून घेतल्याशिवाय कळत नाही. उन्हाळ्यात जमिनीच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून राब भाजतात. त्या आगीत तणाचं बी जळतं. पाऊस सुरू झाला की तिथं भाताचं बी पेरायचं आणि रोप तीनेक आठवड्यांचं झालं की उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावायचं. ही आवणी. महिना उलटून गेला तरी रोप राबातच राहिलं, तर पुढे फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. त्यात खाचरं पावसाच्या भरवशावरची. पाणी साचलंय तोवर चिखल होतो, उघडीप पडली की औत थांबतं. घरात काम करणारे हात तीन-चार, मजूर लावायला रोकड नाही आणि सगळ्या गावाची घाई एकाच वेळी. दहा दिवसांनी आलेली मदत इथं कुणाच्याच कामाची नसते.

म्हणून सावड. आज चार घरची माणसं माझ्या खाचरात, उद्या मी त्यांच्या. कुणी औत धरतं, कुणी राबातली रोपं उपटून मुठी बांधतं, पोरं त्या मुठी खाचरात फेकत जातात. मग डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन सगळे ओळीनं वाकतात आणि मागं मागं सरकत लावत येतात. माणूस कळतो तो या ओळीत. शेजारणीचा हात मंदावला तर एखादी आपला वेग कमी करते, तिच्या बाजूची दोन-चार चुडं गुपचूप लावून टाकते आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. दुपारी बांधावर नागलीची भाकर सोडली जाते. भरल्या पावसात, गुडघाभर चिखलात दिवस दिवस एकमेकांशेजारी काढल्यावर कुणाचा स्वभाव कसा, हे वेगळं विचारावं लागत नाही.

सावडीत हिशोब असतो. कुणाचे किती दिवस आपल्याकडे झाले आणि आपण किती फेडले, हे घराघरांत तोंडपाठ असतं. मैत्रीत हिशोब आला की मैत्री संपली, असं आपण सहज म्हणून जातो. मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही तसंच काहीसं दिसलं होतं. ज्याच्याशी जवळीक व्हावी असं वाटतं, त्यानं आपण केलेल्या मदतीची लगेच परतफेड केली तर तो कमी आवडू लागतो. मला हे हरसूलच्या बाबतीत अर्धंच पटतं. तिथं परतफेड हवी असते, पण ती लगेच नको असते. आवणीचा दिवस कापणीला फेडला, झोडणीला फेडला तरी चालतो. घरात आजारपण किंवा बाळंतपण असेल तर तो पुढच्या साली गेला म्हणून कुणी दारात येऊन उभं राहत नाही. खरा मित्र तोच, जो आपलं देणं लक्षात ठेवतो आणि येण्याची आठवण करून देत नाही. या गुणाला मी विनोदबुद्धीपेक्षा, गोड बोलण्यापेक्षा कितीतरी वरचं स्थान देईन.

भाताचं आटोपलं की या भागातली माणसं द्राक्षाच्या कामाला निघतात. कुणी टोळीनं दिंडोरी-निफाडकडे जातं, कुणी पहाटे नाशिकजवळच्या गिरणारेच्या मजूर बाजारात उभं राहतं. इथं मैत्रीला आणखी एक गुण लागतो. टोळीतला एखादा तापानं पडून राहिला, तर मुकादमापुढे त्याची बाजू कोण घेतं? मायकल अर्गाइल आणि मोनिका हेंडरसन यांनी ब्रिटन, इटली, हाँगकाँग आणि जपानमध्ये मैत्रीचे नियम शोधले आणि 1984 मध्ये प्रसिद्ध केले. मित्राच्या माघारी त्याची बाजू घेणं आणि अडचणीत न सांगता मदतीला जाणं हे दोन्ही त्यांत आहेत. ब्रिटनमधल्या माणसाला आणि हरसूलच्या मजुराला मित्राकडून हवं असलेलं इतकं सारखं निघावं, याचा मला मनापासून आनंद होतो.

पण सावडीवर आता ताण आहे. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आणि भाताची कापणी मात्र एकाच सुमाराला येतात. एकीकडे रोख मजुरी, दुसरीकडे जुलैत घेतलेला दिवस. ज्या घरात पोरांची फी भरायची आहे, त्यानं मजुरीला जाणं पत्करलं तर त्याला दोष देता येत नाही. काही जण मधला मार्ग काढतात. स्वतः छाटणीला जातात आणि भावाला, सुनेला कापणीला पाठवतात, कारण सावड फेडायची असते ती घरानं. ज्या घरात असा दुसरा हात उरलेला नाही, तिथं मात्र दर कापणीला हाच पेच पडतो.