सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला असे नाही

शाळांच्या कबड्डी, खो-खोच्या स्पर्धा जवळ आल्या की वस्तीतील मुलामुलींचा सराव जोरात चालतो, आणि त्याच दिवसांत कोणा ना कोणाचा गुडघा सुजतो. घरात बाम चोळला जातो, हळदीचा लेप बसतो, कोणी पाय ओढून बसवणाऱ्याकडे नेतो. पंधरा दिवसांत सूज उतरते, मूल चालू लागते आणि आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो. आम्हाला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या गोष्टीविषयी.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत दोन बळकट पट्टे फुलीसारखे बांधून ठेवतात. त्यांतल्या पुढच्या पट्ट्याला डॉक्टर एसीएल म्हणतात. ‘लिगामेंट गेले’ असे जे आपण ऐकतो ते पुष्कळदा याच पट्ट्याविषयी असते. तो तुटायला कोणी धडकलेच पाहिजे असे नाही. खो-खोत पळता पळता एकदम दिशा बदलली, चढाई करून मागे फिरताना पाऊल जमिनीला चिकटून राहिले आणि अंग मात्र वळले, उडीनंतर एका पायावर उतरताना गुडघा आत झुकला, एवढेही पुरते. पुष्कळ मुले सांगतात की आत ‘कट्’ असा आवाज आला. काही तासांतच गुडघा टम्म फुगला तर ती साधी सूज समजू नये. आत रक्त जमल्याची ती खूण असू शकते.

लहान वयात आणखी एक गंमत असते. पट्टा चिवट आणि हाड कोवळे, म्हणून कधी पट्टा तुटण्याऐवजी तो नडगीच्या हाडाचा टवकाच ओढून काढतो. हा टवका एक्स-रेत दिसतो आणि वेळेवर प्लास्टर घालून किंवा बसवून जोडता येतो. तुटलेला पट्टा मात्र एक्स-रेत दिसत नाही. ‘फोटो काढला, हाड मोडलेले नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये ते यासाठीच. हाडांचे डॉक्टर गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून पाहतात. अनुभवी हाताला तेवढ्यानेही बरेच कळते. एमआरआय त्यानंतरची गोष्ट.

आता चालता येते आहे, मग बिघडले कुठे? सरळ रेषेत चालायला या पट्ट्याची फारशी गरज पडत नाही. वळताना, जिना उतरताना, पळताना ती पडते. ‘आई, गुडघा सटकतो’ असे मूल म्हणू लागले की समजावे, आत काहीतरी सुटले आहे. अशा प्रत्येक सटकण्यात दोन हाडांमधली गादी चिरडली जाते. ती एकदा फाटून गेली की पहिल्यासारखी होत नाही, आणि ऐन तरुणपणी गुडघा झिजू लागतो. हमाली, गवंडीकाम, पोलीस किंवा सैन्यभरती, आपल्या घरांतल्या मुलांच्या कितीतरी वाटा गुडघ्यावरून जातात. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर एक दिवसही थांबू नये.

पूर्वी डॉक्टर म्हणत, मूल वाढून होईपर्यंत थांबा. त्यामागे कारण होते. पायाची जवळजवळ दोनतृतीयांश उंची गुडघ्याच्या वरच्या आणि खालच्या हाडांतील वाढीच्या थरांतून होते. मुलींची ही वाढ साधारण १४ व्या वर्षापर्यंत, मुलांची १६ व्या वर्षापर्यंत चालते. शस्त्रक्रियेत त्या थराला इजा झाली तर पाय आखूड किंवा वाकडा होण्याची भीती. आता या थराला वळसा घालून, किंवा त्याला कमीत कमी धक्का लावून, मुलाच्याच शरीरातील स्नायूबंध घेऊन नवा पट्टा बसवण्याच्या पद्धती आहेत. २०१८ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी मुलांच्या या दुखापतीवर एकत्रित मत मांडले. त्यांच्या मते गुडघा सटकत नसेल आणि गादी शाबूत असेल तर व्यायाम व देखरेख यांवरही भागू शकते. गादी फाटली असेल किंवा व्यायाम करूनही गुडघा सटकत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. तेव्हा डॉक्टरांना विचारायला लाजू नका: ‘याची वाढ किती बाकी आहे? वाढीच्या थराचे काय करणार?’ वाढत्या मुलांच्या गुडघ्याचे काम नेहमी करणारा सर्जन असावा, आणि नंतर वाढ संपेपर्यंत तपासणीला नेत राहावे.

केसपेपर काढून रांगेत बसायचे म्हणजे एका दिवसाचा खाडा, हे आम्ही जाणतो. पण मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, संभाजीनगरात घाटी, या सर्व रुग्णालयांत हाडांचा विभाग आहे. खर्चाचा प्रश्न आला तर तिथल्याच समाजसेवा विभागात जावे. रेशनकार्ड सोबत असू द्यावे.

शस्त्रक्रियेनंतर खरी कसोटी घरातल्यांची असते. महिनोन् महिने व्यायाम चालतो आणि वर्षभर तरी मैदानावर परतायचे नसते. स्पर्धा आली म्हणून प्रशिक्षकाने घाई केली तरी ऐकू नये. तरुण वयात खेळाकडे परतलेल्यांपैकी साधारण चारांतल्या एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात पुन्हा अशी दुखापत होते.

मुलीच्या बाबतीत तर घरात लगेच निकाल लागतो, ‘आता खेळ पुरे.’ वयात येणाऱ्या मुलींना या दुखापतीचा धोका अधिक, हे खरे. त्यावर इलाज मुलीला घरी बसवणे हा नव्हे. सात ते तेरा वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांसाठी फिफाने ‘इलेव्हन प्लस किड्स’ नावाचा व्यायाम तयार केला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चार देशांच्या अभ्यासात त्याने एकूण दुखापती जवळजवळ निम्म्या केल्या. एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघे आत न झुकवता अलगद उतरणे, उठाबशा, पोटाचे व्यायाम, असेच त्यात असते. साहित्य काही लागत नाही. सरावाआधी पंधरा-वीस मिनिटे, आठवड्यातून दोनदा तरी, मंडळाच्या मैदानावर थोरल्या पोरांनी हे धाकट्यांकडून करून घ्यावे. आणि दुखापत झालीच तर खेळ तिथेच थांबवून फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा, पाय उंच ठेवावा आणि डॉक्टरांनी पाहीपर्यंत कोणाला चोळू देऊ नये.