कडीची खोड वेळीच मोडा

"जरा वर उचलून ओढा, मग निघते," असे ज्या दाराबद्दल सांगावे लागते, ते दार दुरुस्तीला आलेले असते. हे काम फार अवघड नाही. सुट्टीच्या दिवशी एका दुपारी घरच्या घरीही होऊ शकते.

आमच्या शेजारच्या घरी बारसे होते. त्यासाठी सोलापूरहून आलेल्या सत्तरीच्या आत्याबाई सकाळी अंघोळीला गेल्या. अंघोळ आटोपली, पण न्हाणीघराची कडी काही केल्या सरकेना. बाहेरून सूनबाई सांगत होत्या, "आत्या, दार आधी आपल्याकडे ओढा, मग कडी जरा वर उचला आणि डावीकडे सरकवा." पण आत्याबाईंचे हात ओले, डोळ्यांना चष्मा नाही आणि त्यात रक्तदाबाचा त्रास. घाबरून त्या कडी उलट्याच दिशेने दाबत राहिल्या. अखेर झरोक्यातल्या काचेच्या पट्ट्या काढून शेजारच्या एका सडपातळ मुलाला आत उतरवले, तेव्हा दार उघडले. या सगळ्यात पाऊण तास गेला. आत्याबाई बाहेर आल्या त्या थरथरतच.

नवल म्हणजे ती कडी गेली दोन वर्षे तशीच होती. घरातल्या पाचही जणांना तिची युक्ती पाठ होती. त्यामुळे ती बिघडली आहे, हेच सगळे विसरून गेले होते.

बहुतेक घरांत असे एखादे दार असतेच. मूठ हातात येते, खटका अडकतो, कडी भोकात बसत नाही. आपण त्याच्याशी जुळवून घेतो. पण पाहुण्यांना, लहान मुलांना आणि घाबरलेल्या माणसाला ती युक्ती ठाऊक नसते. म्हणूनच दाराची खोड वेळीच मोडायला हवी.

आधी दोष शोधा

कडी लागत नाही म्हणजे कडीच खराब झाली, असे नाही. पुष्कळदा वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झालेले असतात. त्यामुळे दार खाली झुकते आणि कडी भोकाच्या खाली टेकते. दार अर्धे उघडून मुठीकडची बाजू वर उचलून पाहा. दार हलले, तर आधी बिजागरी घट्ट करा. कदाचित नवी कडी आणावीच लागणार नाही.

कडी नेमकी कुठे अडते, हे कळायला एक सोपा उपाय आहे. तिच्या टोकाला खडू किंवा ओले कुंकू लावा आणि दार लोटून कडी सरकवा. चौकटीवर जिथे डाग उमटेल, तिथे ती टेकते आहे. फरक एखाद-दोन मिलिमीटरचा असेल, तर चौकटीवरच्या पट्टीचे भोक कानशीने थोडे मोठे केले तरी भागते.

पावसाळ्यात लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगते. तेवढ्यावरून दाराला रंधा मारायची घाई करू नका. उन्हाळ्यात लाकूड आकसले की तिथेच फट पडते. दार पार अडूनच बसले नसेल, तर कोरडी हवा येईपर्यंत थांबावे.

स्क्रू फिरतो, पण बसत नाही

मूठ सैल होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे लाकडातले भोक मोठे होणे. स्क्रू कितीही फिरवा, तो नुसता गरगरतो. अशा वेळी स्क्रू काढून घ्या. भोकातला भुसा साफ करा. लाकूड चिकटवायचा पांढरा गोंद लावलेल्या बांबूच्या किंवा आगकाडीच्या काड्या भोकात गच्च ठोका. आगकाडीचा गूल आधी मोडून टाका. दुसऱ्या दिवसापर्यंत गोंद वाळू द्या. बाहेर आलेल्या काड्या पटाशीने सपाट कापा आणि मग त्याच जागी स्क्रू पिळा. स्क्रू पुन्हा घट्ट पकड घेतो.

दार पुरेसे जाड असेल, तर थोडा लांब स्क्रूही चालतो. पण दाराची जाडी आधी मोजा. ३० मिलिमीटर जाडीच्या दारात ३८ मिलिमीटरचा, म्हणजे दीड इंची स्क्रू पिळला, तर टोक पलीकडून बाहेर येईल आणि कुणाचा तरी हात फाटेल.

दुकानात जाण्यापूर्वी

कडी वाकली असेल, मुठीला तडा गेला असेल, गंजाने पापुद्रे सुटत असतील किंवा आतली स्प्रिंग मोडली असेल, तर डागडुजी करण्यात अर्थ नाही. वस्तू बदलावी.

दाबून उघडायची मूठ लोंबत असेल, तर मात्र आधी तिच्या बुडाशी असलेला बारीक स्क्रू पाहा. पुष्कळदा तोच सैल झालेला असतो. दुकानात ॲलन की नावाची षटकोनी चावी मिळते, तिने तो घट्ट करता येतो. त्यानेही मूठ वर येत नसेल, तर स्प्रिंग गेली असे समजावे.

खरेदीला जाताना जुनी वस्तूच सोबत न्यावी. ते शक्य नसेल, तर ही मापे कागदावर लिहून घ्या:

दाराची जाडी.

मुठीच्या दोन भोकांमधले अंतर, एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत.

कडीच्या पट्टीची लांबी आणि दांड्याची जाडी.

दारात कोरून बसवलेले कुलूप असेल, तर मुठीच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर आणि दार डाव्या हाताचे की उजव्या हाताचे, तेही.

नवी पट्टी जुनीहून थोडी मोठी घेतली, तर जुन्या भोकांचे आणि रंगाचे डाग झाकले जातात. मात्र नवे भोक जुन्या भोकाला अगदी लागून येत असेल, तर जुने भोक वर सांगितल्याप्रमाणे आधी बुजवा. नाहीतर स्क्रू घसरून जुन्याच भोकात शिरतो.

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट अशा बाजारांत या सामानाचे ढीग मांडलेले दिसतात. कुलपे आणि पितळी सामान यांसाठी अलीगढचे नाव तर देशभर घेतले जाते. पण चकाकीवर भुलू नका. वस्तू हातात घेऊन वजन पाहा. कडी दहा वेळा सरकवून पाहा. ती खडखडता कामा नये आणि अडताही कामा नये. भारतीय मानक ब्युरोने टॉवर बोल्टसाठी आय. एस. २०४ आणि दाराच्या मुठींसाठी आय. एस. २०८ ही मानके ठरवली आहेत. दुकानदाराला त्याबद्दल जरूर विचारा.

मुंबई, रत्नागिरी, पणजी किंवा चेन्नई अशा समुद्रकाठच्या गावी साध्या लोखंडी कड्या लवकर गंजतात. तिथे स्टेनलेस स्टील किंवा पितळ बरे. स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ हा प्रकार घरात चालतो, पण खाऱ्या वाऱ्यापुढे ३१६ अधिक टिकतो. स्क्रूही त्याच धातूचे घ्यावेत. पितळी मुठीला लोखंडी स्क्रू लावले, तर दमट हवेत ते लवकर गंजतात आणि पुढे काढायचे म्हटले तर निघत नाहीत.

बसवताना

एक चांगला स्क्रू ड्रायव्हर, गिरमिट किंवा छोटे ड्रिल मशीन, टोच्या, पेन्सिल आणि टेप एवढी हत्यारे पुरतात. पट्टी दारावर धरा, पेन्सिलीने खुणा करा आणि टोच्याने प्रत्येक खुणेच्या मध्यावर खळगा पाडा. मग स्क्रूहून थोडे बारीक भोक पाडा. भोक न पाडता स्क्रू घुसवला, तर लाकूड चिरते. स्क्रूच्या आट्यांना साबण किंवा मेण लावले की तो सहज जातो. पितळी स्क्रू मऊ असतो. त्यामुळे आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू पिळून वाट करून घ्या, तो काढा आणि मग पितळी स्क्रू लावा.

सगळे स्क्रू एकदम घट्ट करू नयेत. आधी दोनच लावा, दार चार वेळा लावून-उघडून पाहा आणि सगळे नीट बसले की उरलेले पिळा.

न्हाणीघराला प्लास्टिकचे पोकळ दार असेल, तर नुसते स्क्रू फार दिवस धरत नाहीत. तिथे आरपार बोल्ट, दोन्ही बाजूंना वॉशर आणि आतून नट लावावा.

लहान मुले आणि आजी-आजोबा

न्हाणीघराला आणि संडासाला बाहेरूनही सोडता येईल असा लॅच बसवावा. यात आतून खटका असतो आणि बाहेरच्या बाजूला एक खाच असते. अडचणीच्या वेळी नाण्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने ती फिरवली की दार उघडते. घरात वृद्ध माणूस असेल, तर बाकी काही जमले नाही तरी एवढे कराच. नवे दार करताना ते बाहेरच्या बाजूला उघडेल असे पाहा. आत कुणी पडले, तर आत उघडणारे दार त्या व्यक्तीलाच अडते.

सांधेदुखी असणाऱ्यांना गोल मूठ फिरवणे जड जाते. त्यांच्यासाठी खाली दाबायची लांब मूठ सोयीची. लहान मुले मात्र कडी लावून घेतात आणि त्यांना ती काढता येत नाही. मुलांच्या खोलीची कडी त्यांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर लावावी.

मुख्य दाराच्या बाहेरच्या अल्ड्रॉपकडेही एकदा पाहा. स्क्रूच्या खाचा बाहेरून दिसत असतील, तर कुलूप न तोडताही चोराला अख्खी कडी काढता येते. तिथे गोल डोक्याचे आरपार बोल्ट घालून नट आतल्या बाजूला घट्ट करावेत.

एवढी काळजी घ्या

कडीला वर्षातून दोनदा शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. जास्तीचे तेल पुसून टाका. किल्लीच्या भोकात मात्र तेल घालू नये, त्यावर धूळ चिकटते. तिथे शिसपेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड घालावी.

फरशी धुवायचे ॲसिड शक्यतो वापरूच नका. त्याच्या वाफेने जवळच्या कड्या आणि नळ खराब होतात, अगदी स्टेनलेस स्टीलसुद्धा. पितळेला चिंच किंवा लिंबू चालते, पण ज्या मुठीवर पारदर्शक रोगणाचा थर असेल, ती फक्त ओल्या फडक्याने पुसावी.

भाड्याच्या घरात राहत असाल, तर काढलेल्या मुठी स्क्रूंसह पिशवीत बांधून ठेवा. घर सोडताना त्या जागच्या जागी बसवता येतील.

शेजारच्या घरी त्या प्रसंगानंतर आठच दिवसांत न्हाणीघराला नवा लॅच लागला. गेल्या दिवाळीत आत्याबाई पुन्हा आल्या. अंघोळीला जाण्यापूर्वी त्यांनी दार लावून-उघडून पाहिले, मग सूनबाईंना नाणे घेऊन बाहेर उभे केले आणि बाहेरूनही एकदा उघडून घेतले. त्यानंतरच त्या निर्धास्तपणे आत गेल्या.

आज घरातल्या प्रत्येक दाराची कडी एकदा लावून पाहा. जिथे हाताला आपोआप एखादी युक्ती करावी लागेल, ते दार कागदावर टिपून ठेवा. येत्या रविवारी पहिले काम त्याचेच.