किल्ली बाहेर का येत नाही?

गाडी लावली, इंजिन बंद केलं, पण इग्निशनमधली किल्ली काही केल्या निघेना! असं का होतं?

कुलपाच्या फिरत्या नळकांड्यात स्प्रिंगवर बसलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या असतात. किल्ली ओढताना तिचे दाते या पट्ट्यांना वरखाली ढकलतात. त्यांना सरकायला बाजूला खाच लागते आणि ती फक्त ‘लॉक’ या जागीच समोर येते. नळकांडं जरासं अलीकडे थांबलं, तरी पट्ट्या अडतात आणि किल्लीला धरून ठेवतात. लिफ्ट मजल्याशी बरोबर आली तरच दार उघडतं, तसंच हे.

ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पी’वर, म्हणजे ‘पार्क’वर नसेल, तर किल्ली त्या जागेपर्यंत फिरतच नाही. उभी गाडी घरंगळू नये, यासाठीच ही सोय.

म्हणून जोर लावू नका, किल्ली आतच तुटेल. आधी गिअर पाहा. मग स्टिअरिंग डावी-उजवीकडे किंचित हलवत किल्ली हलकेच दाबून मागे फिरवा. कुलपात तेल सोडू नका, त्याला धूळ चिकटते. ग्राफाइटची कोरडी पूड बरी. आणि झिजलेली किल्ली वेळीच बदला.