अमेरिकी अध्यक्षपदाची कालमर्यादा आणि सिनेट

अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत अध्यक्षाच्या पुनर्निवडीवर बंधन नव्हते. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी दोन कार्यकाळांनंतर १७९७ मध्ये पद सोडले व तोच संकेत पुढे रूढ झाला. फ्रँकलिन रूझवेल्ट १९४० आणि १९४४ मध्येही निवडून आले, तेव्हा तो मोडला. त्याची प्रतिक्रिया म्हणून आलेली बाविसावी घटनादुरुस्ती १९५१ मध्ये राज्यांच्या अनुसमर्थनाने लागू झाली. तिची शब्दयोजना बारकाईने वाचावयास हवी. दोनपेक्षा अधिक वेळा ‘निवडून येणे’ तिने निषिद्ध ठरविले आहे. दुसऱ्याच्या उर्वरित कार्यकाळातील दोन वर्षांहून अधिक काळ पद सांभाळणाऱ्यास एकदाच निवडून येता येते. त्याहून कमी काळ सांभाळणाऱ्यास दोनदा. अशा व्यक्तीस जवळजवळ दहा वर्षे अध्यक्ष राहता येईल.

सिनेटला मात्र हे बंधन नाही. सदस्यत्वाची मुदत सहा वर्षांची, पुनर्निवडी अमर्याद. रॉबर्ट बर्ड १९५९ पासून २०१० मधील मृत्यूपर्यंत सिनेटर होते. काही राज्यांनी आपल्या काँग्रेस-सदस्यांवर कालमर्यादा घालून पाहिली. परंतु त्यासाठी घटनादुरुस्तीच आवश्यक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. आजवरची प्रत्येक घटनादुरुस्ती काँग्रेसनेच दोन-तृतीयांश बहुमताने प्रस्तावित केलेली आहे. म्हणजे ज्यांच्यावर मर्यादा घालावयाची, संमतीही प्रथम त्यांचीच मिळवावी लागते.