मीठ किती तापेल?

स्पेनमधल्या सेविल प्रांतात, फुएंतेस दे अंदालुसिया या गावाजवळ, १४० मीटर उंचीचा एक मनोरा आहे. भोवती २,६५० आरसे. दिवसभर सूर्याच्या कलाने वळत ते सगळं ऊन मनोऱ्याच्या माथ्यावर फेकतात. २०११ साली सुरू झालेलं हे खेमासोलार वीजकेंद्र. क्षमता जेमतेम १९.९ मेगावॉट.

माथ्यावरच्या नळ्यांतून वितळलेलं मीठ वाहतं. जेवणातलं नव्हे, सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेटचं मिश्रण. २९० अंशांना वर चढतं, ५६५ अंशांना उतरून टाकीत साठतं. त्याच्या उष्णतेवर वाफ, वाफेवर टर्बाइन.

सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा. मग ५६५ वरच का थांबायचं? उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राची कमाल मजल त्याच्या गरम आणि थंड टोकांची तापमानं ठरवतात, हा सादी कार्नोचा १८२४ सालचा सिद्धांत. ५६५ आणि ४० अंश धरले, तर ही मजल ६३ टक्क्यांच्या आतच राहते. प्रत्यक्षातलं टर्बाइन चाळिशीच्या आसपास. मीठ आणखी तापवलं तर आकडा वाढेल, पण ६०० अंशांच्या पुढे त्याचं विघटन होऊ लागतं. ते टाळणारं मीठ सापडलं, तरी तापलेल्या नळ्या उष्णता बाहेर टाकणारच, आणि तीही चौथ्या घाताने: निरपेक्ष तापमान दुप्पट झालं की उत्सर्जन सोळापट. टर्बाइनला जे हवं, तेच नळ्यांना नको. खरी गोम इथे आहे. बाकी गळती साधीच: तिरपे आरसे, धूळ, शेजारच्या आरशाची सावली. आरशांवर पडलेल्या उन्हाचा सहावा भागही वर्षाकाठी वीज होऊन हाती लागणं कठीण.

छतावरचं साधं सौर पॅनल आज वीस टक्के ओलांडतं, तेही स्वस्तात. मग हा खटाटोप कशाला? रात्रीसाठी. टाकीतल्या मिठावर टर्बाइन पंधरा तास चालतं. २०१३ च्या उन्हाळ्यात या केंद्राने सलग ३६ दिवस अखंड वीज दिली. टक्केवारीच्या तक्त्यात ही कमाई दिसतच नाही, म्हणून तो तक्ता मला अपुरा वाटतो.

दुबईच्या नव्या केंद्राने दोन्हींची सांगड घातली आहे. २६२ मीटरच्या मनोऱ्याशेजारी २५० मेगावॉटची पॅनलं आहेत: दिवसाची वीज पॅनलांनी द्यायची, मिठाने उष्णता साठवायची आणि अंधार पडल्यावर खर्चायची.