शेततळ्याचं पाणी हिरवं का होतं? शेवाळ नत्र खातं ते असं

ऊन तापायला लागलं की शेततळ्याचं पाणी आठ-पंधरा दिवसांत हिरवंगार होतं. मग मोरचूद टाकायचा की नाही, यावर गावात दोन मतं पडतात. तळ्यात रोहू-कटला सोडलेले असतील तर निर्णय चुकून चालत नाही. त्यासाठी हे शेवाळ पाण्यातून काय उचलतं ते आधी बघू.

पाणी हिरवं करतात त्या क्लोरेल्लासारख्या बारीक पेशी. एकेकटी पेशी नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. त्यांना पिकासारखंच नत्र आणि स्फुरद लागतं. हवेत शेकडा 78 भाग नत्र आहे, पण हिरव्या शेवाळाला ते घेता येत नाही. (भातखाचरातलं निळं-हिरवं शेवाळ घेतं, त्याची जात वेगळी.) ह्याला नत्र पाण्यात विरघळलेलं हवं, म्हणजे अमोनिया, नायट्रेट किंवा युरिया.

आता तुम्ही म्हणाल, तळ्याला प्लास्टिकचा कागद आहे, बांध उंच आहे, खत येतं कुठून? ते विहिरीच्या पाण्यातून येतं. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत साधारण 20 किलो 700 ग्रॅम नत्र असतं. पिकाला ते सगळं मिळत नाही. मातीतले जिवाणू युरियाचा अमोनिया आणि अमोनियाचं नायट्रेट करतात. नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतं आणि विहिरीत पोचतं. त्यात माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांचा अमोनिया मिसळतो.

शेवाळाला सगळ्यात आवडतो तो अमोनिया, कारण तो जवळजवळ तयार माल. नायट्रेट मात्र आधी शिजवावं लागतं. हे काम पेशीतली एन्झाइमं करतात, शाळेच्या पुस्तकात त्यांना विकर म्हणतात. पहिलं नायट्रेट रिडक्टेज. ते नायट्रेटचं नायट्राइट करतं. त्याला लोह आणि मॉलिब्डेनम लागतं, तेच मॉलिब्डेनम जे सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पुडीवर लिहिलेलं असतं. नायट्राइट साठलं तर पेशीलाच विषारी, म्हणून दुसरं विकर, नायट्राइट रिडक्टेज, लगेच त्याचा अमोनिया करतं. हे काम हरितलवकात चालतं आणि त्याची ताकद उन्हातून येते. शेवटी ग्लुटामिन सिंथेटेज तो अमोनिया ग्लुटामेटला जोडून ग्लुटामिन बनवतं. त्यातून पुढे प्रथिनं तयार होतात आणि पेशी वाढून दोनाच्या चार होतात. तुमच्या कपाशीच्या पानातही हीच साखळी चालते.

पाण्यात अमोनिया भरपूर असला की पेशी नायट्रेट रिडक्टेज बनवणं जवळजवळ थांबवते. टोपलीत भाकरी असताना जात्यावर कोण बसेल?

म्हणजे हिरवं शेवाळ माशांना घातक असलेला अमोनिया फुकटात उचलत असतं. बेताचं हिरवं पाणी म्हणूनच वाईट नाही. घोटाळा होतो तो अति झाल्यावर. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही माशांसारखंच प्राणवायू घेतं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर कारण बहुतेक वेळा हेच. शिवाय भर दुपारी दाट हिरव्या पाण्याचा सामू वाढतो आणि उरलासुरला अमोनिया जास्त विषारी रूपात जातो.

अशा दाट पाण्यात एकदम मोरचूद ओतणं सगळ्यात धोक्याचं. तांबं माशांनाही सोसत नाही. शिवाय शेवाळ एकाच वेळी मरतं, सडताना प्राणवायू खातं, आणि अंगात साठवलेलं नत्र अमोनिया होऊन परत पाण्यात येतं. ते उचलायला आता शेवाळही नसतं.

त्यापेक्षा माशांचं खाद्य दोन-चार दिवस बंद ठेवा, पहाटे मोटर लावून पाणी उंचावरून तळ्यात पाडा, आणि थोडं पाणी काढून शेताला द्या. त्या पाण्यात नत्र असतंच, पीक ते घेईल. ठिबकला देणार असाल तर वाळूचा फिल्टर आधी धुऊन घ्या, नाहीतर ड्रीपर तुंबतील.

पाण्यावर निळसर हिरवा, रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर ते हे शेवाळ नाही. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विष सोडतात. तिथे जनावरं पाण्यावर नेऊ नका.